आपल्या घराचा नकाशा : तो कोठे असतो, कसा पाहावा

व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे मोठे विषय यावेत हे योग्यच आहे. त्यांच्या रांगेत ‘महापालिकेत जाऊन आपल्या घराचा मंजूर नकाशा कसा पाहावा’ हा विषय म्हणजे पंगतीत बुंदीशेजारी वाढलेला ठेचा वाटेल. परंतु ठेच्यावाचून वऱ्हाडी माणसाचे जेवण होत नाही, आणि या विषयाच्या ज्ञानावाचून शहरातल्या माणसाचा संसार केव्हा अडेल याचा नेम नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे नोटिसा, करारनामे आणि कोर्टाचे हुकूम वाचता वाचता झाले. त्या शाळेत पहिल्याच दिवशी एक धडा मिळतो : ज्याच्या हाती नोंद, त्याच्या हाती जोर. हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो, म्हणून आपण किती दिवस भरले हे सिद्ध करताना कामगाराला घाम फुटतो. घराचेही तसेच आहे. घर आपले, कष्ट आपले, कर्जही आपले. पण ते घर कायद्याला कसे दिसते हे सांगणारा कागद दुसऱ्याच्या कपाटात असतो.

त्या कपाटापर्यंतची वाट येथे सांगावयाची आहे. अमरावती आणि अकोला ही दोन शहरे डोळ्यांपुढे ठेवून आम्ही ती सांगतो. इतर गावच्या मंडळींनी ती आपापल्या नगरपरिषदेला लावून घ्यावी. कायदे थोडे वेगळे असले तरी रीत तीच आहे.

नकाशा लागतो केव्हा?

हा कागद रोज लागत नाही, म्हणून त्याची आठवण राहत नाही. लागतो तेव्हा मात्र एकदम लागतो. घर विकायचे ठरते, बँकेकडे कर्ज मागायचे असते, वडिलांच्या पश्चात भावाभावांत वाटणी होते, वरचा मजला चढवायचा असतो, शेजारी तक्रार करतो किंवा नोटीस दारावर चिकटते. आणि मग घरातल्या सगळ्या ट्रंका उलट्यापालट्या होतात.

जिनिंगमधून निवृत्त झालेल्या एका कामगाराची गोष्ट आमच्या माहितीतली आहे. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालून त्याने एक जुने घर विकत घेतले होते. मुलाच्या लग्नाआधी वर एक खोली काढावी म्हणून तो बँकेत गेला. बँकेने मंजूर नकाशा मागितला. एका कार्यालयाच्या दाराशी त्याला एक मध्यस्थ भेटला आणि ‘नकाशा काढून देतो’ म्हणून त्याने जी रक्कम सांगितली, ती या गृहस्थाच्या काही महिन्यांच्या पेन्शनीएवढी होती. पुढे शोध घेता कळले की अडचण एवढीच होती : फाइल याच्या नावाने शोधली जात होती, आणि ती होती ज्याने घर बांधले त्या पहिल्या मालकाच्या नावाने. अर्जात ते नाव घातले तेव्हा फाइल निघाली. खर्च आला तो नकलेच्या शुल्काचा. तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात. येथे तर तळ्याच्या काठी नुसता उभा राहणाराही पाणी चाखत होता, कारण वाट कोणाला ठाऊक नव्हती.

पैशांहून मोठी अशीही एक बाब यात आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीत प्रभात टॉकीजच्या भागातील एक जुनी दुमजली इमारत कोसळली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. जुन्या इमारतीत माणसे राहतात, दुकाने चालवतात, दुरुस्तीला मजूर लावतात. महापालिकांच्या कायद्यातील कलम २६४ धोकादायक इमारतींविषयी आहे, आणि कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे झालेल्या इमारतीची बळकटी अभियंत्याकडून तपासून घेण्याची जबाबदारी मालकावर व वापरणाऱ्यावर येते. अभियंता येतो तेव्हा पहिली मागणी करतो ती मूळ नकाशाची. भार कोणत्या भिंतीवर आहे, मूळची भिंत कोणती आणि मागाहून घातलेली कोणती, हे न कळता घण घालणाऱ्या मजुराचा जीव नशिबावर सोडलेला असतो.

मंजूर नकाशा म्हणजे काय?

वास्तुविशारदाने काढून दिलेले घराचे चित्र म्हणजे मंजूर नकाशा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज होतो. कलम ४५ खाली नियोजन प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे महापालिका, परवानगी देते किंवा नाकारते. परवानगी देताना नकाशावर शिक्का, क्रमांक, दिनांक आणि सही पडते. त्यातली एक प्रत मालकाला मिळते, दुसरी कार्यालयाच्या फाइलीत राहते. ही कार्यालयातली प्रत, सोबतचे परवानगीपत्र आणि त्यातल्या अटी, जोते तपासल्याचा दाखला, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, आणि या सर्वांच्या मागच्या टिप्पण्या मिळून आपल्या घराची फाइल होते. तेव्हा पाहायला जायचे ते नुसत्या नकाशासाठी नव्हे. पुरी फाइल पाहायची, हे आधीच मनाशी ठरवावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमचे पुष्कळ बांधव मालमत्ता कराची पावती दाखवून म्हणतात, ‘घर नियमित आहे, कर भरतो ना आम्ही!’ कराची पावती ही कर भरल्याची पावती आहे. ती बांधकामाची परवानगी नाही. महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावरही कर व शास्ती बसते, आणि ती भरल्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही असे त्या कलमातच म्हटले आहे.

नकाशा कोणाच्या कपाटात?

हा प्रश्न सोपा दिसतो, पण निम्मी पायपीट त्याचे उत्तर ठाऊक नसल्याने होते. उत्तर दोन गोष्टींवरून ठरते : घर केव्हा बांधले आणि त्या वेळी ती जागा कोणाच्या हद्दीत होती.

अमरावती महानगरपालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झाली. त्यापूर्वी अमरावतीची आणि बडनेऱ्याची नगरपालिका वेगवेगळी होती. अकोला महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी झाली. त्यापूर्वी तेथे नगरपरिषद होती. म्हणजे बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतले १९७५ सालचे घर असेल तर त्याची फाइल मुळात बडनेरा नगरपालिकेची. महापालिकेकडे ती वारशाने आलेली. जुन्या फाइलींवर कायद्यांची नावेही निरनिराळी दिसतील. आधी मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा नगरपालिका कायदा, मग महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा, आणि महापालिका झाल्यावर मुळात मुंबई प्रांतासाठी झालेला १९४९ चा कायदा, ज्याला आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. नाव पाहून गोंधळू नये. परवानगी त्या त्या काळच्या कायद्याची असते.

अकोल्याची हद्द २०१६ साली वाढली आणि मलकापूर, उमरी, गुडधी, शिवणी यांसारखी भोवतालची गावे शहरात आली. तेथले त्याआधीचे घर असेल तर कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात, किंवा अकृषिक परवानगीच्या निमित्ताने महसूल खात्याकडे आणि शासनाच्या नगररचना शाखा कार्यालयात असण्याचा संभव अधिक. नझूलच्या जागेवर घर असेल तर पट्टा आणि शीट नंबर यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची नझूल शाखा पाहावी लागते. औद्योगिक वसाहतीतील भूखंडाची परवानगी महापालिका देत नाही. ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ देते. कारखान्याच्या इमारतीचा नकाशा तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६ खाली कारखाने निरीक्षणाच्या खात्याकडेही मंजुरीला जात असे. आमच्या कामगार बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे; आपण ज्या छपराखाली आठ तास उभे असतो त्याचाही नकाशा असतो.

फ्लॅटधारकांसाठी आणखी एक दार आहे. विदर्भात बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. त्या कायद्याप्रमाणे घोषणापत्र नोंदवताना मजल्यांचे नकाशे जोडावे लागतात. तेव्हा महापालिकेत फाइल अडली तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घोषणापत्राची नक्कल मागावी.

घरातून निघण्यापूर्वी

लढा सुरू करण्यापूर्वी मागणीपत्र तयार असावे लागते. येथेही तेच. एका कोऱ्या कागदावर पुढील गोष्टी लिहून काढाव्यात : मालमत्ता कराचा क्रमांक व वॉर्ड, सर्व्हे नंबर किंवा शीट नंबर, प्लॉट नंबर आणि लेआउटचे नाव, घर बांधल्याचे साल, नक्की नसेल तर अंदाजे, बांधणाऱ्याचे, म्हणजे मूळ अर्जदाराचे पूर्ण नाव, नकाशा काढणाऱ्या अभियंत्याचे नाव, आणि मिळाला तर परवानगीचा क्रमांक व दिनांक.

शेवटची बाब सगळ्यांत मोलाची, कारण फाइली क्रमांकाने लावलेल्या असतात. हा क्रमांक पुष्कळदा आपल्याच घरात असतो. खरेदीखताच्या मजकुरात, बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रात, जुन्या वीजजोडणीच्या कागदांत, लेआउटच्या सोसायटीच्या दप्तरात तो शोधावा. बँकेकडे घर गहाण असेल तर नकाशाची प्रत तिच्याच ताब्यात असू शकते. आधी तेथे विचारावे.

सोबत मालकीचा पुरावा घ्यावा. सूची क्रमांक दोन किंवा आखीव पत्रिका, चालू वर्षाची करपावती आणि ओळखपत्र एवढे पुरे होते. मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा. मुलगा किंवा भाडेकरू जाणार असेल तर मालकाचे अधिकारपत्र.

सोमवार, दुपारी तीन ते पाच

आता पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये असा आदेश काढला की, जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करून द्यावेत. सोमवारी सुटी असेल तर पुढल्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत अशी पद्धत आधीपासून होती. नागरिकाला कागद समोर बसून पाहता आला तर माहितीच्या अधिकाराखालील अर्ज आणि अपिले कमी होतील, असा त्यामागचा विचार.

तेव्हा पहिली खेप सोमवारी करावी. नगररचना विभागात जावे, आदेशाचा नम्रपणे उल्लेख करावा आणि वर सांगितलेला कागद पुढे ठेवावा. जुनी फाइल शोधायला वेळ लागतो. म्हणून आदल्या आठवड्यातच एक साधा अर्ज देऊन ‘येत्या सोमवारी अमुक फाइल पाहावयाची आहे’ असे कळवले तर खेप वाया जात नाही. त्या अर्जातच ‘परवानगीपत्र, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती नियमाप्रमाणे शुल्क घेऊन द्याव्यात’ हे वाक्य घालावे. आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. तोंडी विचारणा वाऱ्यावर जाते. शिक्क्याच्या कागदाला उत्तर द्यावे लागते. संघटनेत आम्ही नव्या पोरांना हीच पहिली शिकवण देतो.

माहितीचा अधिकार

अर्जाला उत्तर आले नाही, किंवा ‘उद्या या’ची पुनरावृत्ती होऊ लागली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाताशी आहे. या कायद्यात माहिती मिळवणे म्हणजे केवळ प्रत मिळवणे नाही; कलम २ मध्ये कागदपत्रांची पाहणी करणे, टिपणे घेणे आणि प्रमाणित प्रती घेणे हे सर्व हक्क म्हणून सांगितले आहे. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यात करावा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्प लावून देता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. साध्या आकाराच्या पानाच्या नकलेला २ रुपये, आणि मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष येणारा खर्च.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा. ते चांगलेच आहे. अर्जात अन्यायाची कहाणी लिहू नये, ‘का’ विचारू नये, कागद मागावा. ‘अमुक क्रमांकाच्या मालमत्तेच्या बांधकाम परवानगीची संपूर्ण फाइल टिप्पणीसह पाहावयास मिळावी व मी निवडीन त्या पानांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात’ एवढे पुरे. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. मुदत टळली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे हे त्याच अधिकाऱ्याचे काम आहे. आपल्याला दारोदार पाठवण्याचा त्याला अधिकार नाही. उत्तर असमाधानकारक असेल तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील आणि तेथून ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे एक खंडपीठ अमरावतीतच आहे, ही वऱ्हाडच्या माणसाची सोय आहे.

शेजाऱ्याच्या किंवा विकत घ्यावयाच्या घराचा नकाशा मागितला तर मालकाला विचारण्याची तरतूद, कलम ११ खाली, आहे आणि हरकत येऊ शकते. तेव्हा घर विकत घेणाराने विकणाऱ्याकडूनच अधिकारपत्र घ्यावे. जो ते देण्यास का कू करतो त्याचे घर घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. नव्या बांधकामांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे की, बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशाची प्रत जागेवर लावलेली असावी. मग फ्लॅट घेताना ती मागायला संकोच कसला?

फाइल हाती आल्यावर

जाताना जमल्यास ओळखीचा अभियंता किंवा निदान नकाशा वाचता येणारे कोणी सोबत न्यावे. मोजपट्टीने घेतलेली घराची मापे एका कागदावर असावीत. फाइलीवर काहीही लिहू नये, पान सुटे करू नये, फोटो घ्यायचा तर विचारून घ्यावा. प्रथम पानांची संख्या टिपून घ्यावी. मग शिक्का, क्रमांक आणि दिनांक परवानगीपत्राशी जुळतात का ते पाहावे.

नकाशाच्या कागदावर एका बाजूस जागेचा आराखडा असतो : प्लॉटच्या चार बाजू, उत्तर दिशा, रस्त्याची रुंदी, आणि चारही बाजूंनी मोकळे सोडायचे अंतर. मग मजल्यांचे नकाशे, इमारतीचा उभा छेद, दर्शनी बाजू आणि क्षेत्रफळाचा तक्ता. नवे काम तांबड्या रंगाने आणि पाडावयाचे काम पिवळ्याने दाखवण्याची रीत आहे. जुन्या नकाशांत मापे फूट-इंचांत असतील. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट हे लक्षात ठेवले की हिशेब जुळतो. मोकळे अंतर, एकूण क्षेत्रफळ, मजल्यांची संख्या आणि जिना या चार गोष्टी आपल्या मापांशी ताडून पाहाव्यात. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही ते बघावे. पुष्कळ घरांना बांधण्याची परवानगी असते, पण राहण्याची परवानगी घ्यायची राहून गेलेली असते.

अलीकडची घरे असतील तर अर्ज संगणकावरून गेलेला असतो, आणि बहुधा तो वास्तुविशारदाच्या किंवा अभियंत्याच्या लॉगिनने. काम संपताच त्याच्याकडून डिजिटल सहीचे परवानगीपत्र आणि नकाशा मागून घ्यावा व दोन ठिकाणी जपावा. कपाट आता संगणकात गेले, एवढाच फरक. किल्ली अजूनही दुसऱ्याच्या खिशात राहू शकते.

फाइल सापडत नाही तेव्हा

‘फाइल सापडत नाही’ हे वाक्य ऐकून परत येऊ नये. ते लेखी मागावे. लेखी द्यायचे म्हटले की पुष्कळदा शोध नव्याने सुरू होतो. तरीही न मिळाली तर तीन नोंदवह्या पाहायला मागाव्यात : त्या वर्षाची आवक नोंदवही, बांधकाम परवानग्यांची नोंदवही आणि अभिलेख नष्ट केल्याची नोंदवही. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाची जपणुकीची मुदत ठरलेली असते. कागद नियमाने नष्ट झाला असेल तर तशी नोंद हवी. तीही नसेल तर कागद गहाळ झाला, आणि गहाळ होण्याला कोणीतरी जबाबदार आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे की, एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती ‘सापडत नाही’ एवढ्या कारणाने नाकारता येत नाही. कसून शोध घ्यावा आणि जबाबदारी ठरवावी.

त्याच वेळी आपणही हातावर हात ठेवून बसू नये. बँक, जुना मालक, अभियंता, शेजारी यांच्याकडून मिळतील त्या प्रती जमवाव्यात आणि त्या जोडून ‘यांवरून फाइल पुन्हा तयार करावी’ असा अर्ज द्यावा. परवानगीच्या नोंदवहीतली एक ओळदेखील पुढे मोठा पुरावा ठरते.

नकाशा आपल्याविरुद्ध बोलला तर?

आता मनातली गोष्ट. बरेच लोक नकाशा पाहायला जात नाहीत ते वाट ठाऊक नाही म्हणूनच असे नाही. नकाशात दोन खोल्या आहेत आणि आपण तीन बांधल्या आहेत, मागचे मोकळे अंतर न्हाणीघराने खाल्ले आहे, हे त्यांना ठाऊक असते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणून ते गप्प राहतात. परंतु मूठ आपण झाकली तरी दुसरी प्रत कार्यालयात उघडीच आहे. नोटीस येईल त्या दिवशी अधिकाऱ्याच्या हाती नकाशा असेल आणि आपल्या हाती काहीच नसेल. भीतीपोटी जो नोंद पाहत नाही, त्याच्याच भीतीवर मध्यस्थाचा धंदा चालतो.

आधी पाहिले तर मार्ग निघतो. नियमात बसण्याजोगे वाढीव काम कायम करण्यासाठी अर्ज करता येतो. कलम ५३ ची नोटीस आली तरी तिच्या मुदतीत कलम ४४ खाली तसा अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. गुंठेवारीच्या प्लॉटवर घर असेल आणि नकाशा मुळातच नसेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मोकळी झाली आहे. घर पाडण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी किमान १५ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक ठरवली. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही. आणि जे नियमात बसतच नाही, ते आपणच काढून टाकणे स्वस्त पडते. मोकळे अंतर हे अग्निशामक बंबाला, हवेला आणि शेजाऱ्याच्या उजेडाला ठेवलेले असते. हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क मोडू नये, हे संघटनेतही आम्ही बजावत आलो आहोत.

मेजापलीकडचा माणूस

शेवटी अभिलेख कक्षातल्या माणसाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही, कारण तोही कामगारच आहे. धुळीचे गठ्ठे, वाळवी, पावसाळ्यात गळणारे छत आणि हाताखाली माणूस नाही, अशा स्थितीत तो दोन-तीन नगरसंस्थांचे वारशाने आलेले दप्तर सांभाळत असतो. सगळेच पैशासाठी अडवतात असे समजून त्याच्यावर ओरडणे अन्यायाचे आहे, आणि निरुपयोगीही. क्रमांक, साल आणि नाव घेऊन आलेल्या नागरिकाचे काम तो आनंदाने करतो. ‘माझ्या घराचा नकाशा द्या’ एवढेच म्हणणाऱ्याचे काम त्याला इच्छा असूनही करता येत नाही. दप्तराला चांगली जागा, पुरेशी माणसे आणि संगणकावर उतरवलेल्या प्रती मिळाव्यात ही त्याची मागणी आपलीही मागणी झाली पाहिजे. माहितीच्या कायद्याचे कलम ४ तर सांगते की, दिलेल्या परवान्यांची माहिती न मागताच प्रसिद्ध करावी. प्रत्येक वॉर्डातल्या दहा-वीस घरांनी मिळून हे मागितले तर ते ऐकावे लागेल.

एकट्याचा अर्ज एकट्याचे काम करतो. एका लेआउटमधल्या सगळ्यांनी आपापले क्रमांक जमवून एकाच सोमवारी फाइली पाहायला मागितल्या, तर त्या लेआउटची नोंदच सुधारून जाते. या उन्हाळ्यात लग्ने आहेत, पाण्याची ओढाताण आहे, हे खरे. परंतु पावसाळा लागून भिंतींना ओल येण्यापूर्वी एक सोमवार त्यासाठी काढावा. ट्रंक उघडावी, क्रमांक शोधावा, अर्ज लिहावा आणि आवक शिक्का घेऊन घरी यावे.